फुंत्शोचे कोरे रकाने

तिसऱ्या दिवशीही फुंत्शोनं वहीतले शेवटचे दोन रकाने कोरेच ठेवले होते.

मी वही त्याच्यापुढे धरली. "ये क्या है?"

"कॉलम है, ला."

"वो मुझे भी दिखता है. भरा क्यों नहीं?"

त्यानं मान खाली घातली. अंगावर आमच्या खात्याचा रेनकोट, त्याखाली त्याच्या देशाचा गुडघ्यापर्यंतचा झगा, पायात लांब मोजे. चेहऱ्यावर ना राग, ना भीती. मी पाच मिनिटं तरी बोललो असेन. माझा आवाज ओढ्याच्या आवाजालाही मागे सारतो असं लोक म्हणायचे. तो प्रत्येक वाक्याला "जी, ला" म्हणत राहिला. चौथ्या दिवशी ते दोन रकाने पुन्हा कोरे.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यातली. मी तेव्हा सरकारी जलमापनाच्या कामावर शाखा अभियंता होतो. मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे एका मोठ्या ओढ्यावर आमचं मापन केंद्र होतं. केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इमारत येते. आमची पत्र्याची एक खोली होती, काठावर पाण्याची उंची बघायची रंगवलेली पट्टी होती, आणि या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या पोलादी दोराला टांगलेला एक पाळणा होता. पाणी चढलं की त्या पाळण्यात बसून प्रवाहाच्या मधोमध जायचं आणि पाणी मोजायचं.

पाणी मोजतात कसं, ते थोडक्यात सांगतो. करंट मीटर नावाचं एक यंत्र असतं. त्याला छोट्या वाट्यांचं चाक असतं. ते पाण्यात सोडलं की प्रवाहानं फिरतं आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ठोके ऐकू येतात. ठरावीक सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायचं. मग कोष्टकात बघायचं, की इतके ठोके म्हणजे पाण्याचा वेग इतका. त्या वेगाला पाण्याच्या रुंदीनं आणि खोलीनं गुणलं की दर सेकंदाला किती पाणी वाहतंय ते निघतं. त्याला आम्ही विसर्ग म्हणतो. फुंत्शो ठोके लिहायचा, सेकंद लिहायचा, खोली-रुंदी लिहायचा, सगळं छापल्यासारख्या अक्षरात. वेग आणि विसर्ग, एवढे दोन रकाने मात्र मोकळे.

फुंत्शो आणि कर्मा हे दोघे भूतानहून सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला आले होते. त्यांच्या देशात तेव्हा पाण्यावर वीज काढायची कामं निघाली होती, आणि वीज काढायची तर आधी नदीत पाणी किती ते वर्षानुवर्षं मोजावं लागतं. तशी माणसं त्यांना तयार करायची होती. पुण्याच्या ऑफिसात त्यांची नावनोंदणी झाली तेव्हा हेडक्लार्कनं आडनाव विचारलं. फुंत्शोला आडनावच नव्हतं. त्यांच्याकडे लामा नाव ठेवतो, ते नाव आयुष्यभर पुरतं. बापाचं नाव वेगळं, भावाचं वेगळं, कुणाचा कुणाला पत्ता लागत नाही. हेडक्लार्कला रकाना रिकामा सोडवेना. त्यानं लिहिलं, 'फुंत्शो फुंत्शो'.

कर्मा पंचविशीचा, बोलका. त्याचं हिंदी सिनेमे पाहून पक्कं झालेलं. फुंत्शो पस्तिशीचा, एका प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये काम करत आलेला, बेताचं बोलणारा. त्याच्या देशाबद्दल आम्हाला जे कळलं ते बहुतेक कर्माकडून. समुद्र कुठेच नाही. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला जंगल, आणि मधे दऱ्या इतक्या खोल की एका खोऱ्यातली बोली शेजारच्या खोऱ्याला कळत नाही. फुंत्शोचं गाव मोटारीच्या रस्त्यापासून दोन दिवसांच्या चालीवर. गावाखाली नदी, नदीवर जुना लोखंडी साखळ्यांचा पूल. त्या पुलापाशीच नवं मापन केंद्र होणार होतं. फुंत्शो इथून पास होऊन गेला तर ती जागा त्याला मिळणार होती. नापास झाला तर पुन्हा दूरच्या प्रकल्पावरचं स्टोअर. घरी त्याची बायको आणि म्हातारी आई दोन वर्षं त्याची वाट बघत होत्या.

आमचा खलाशी इब्राहीम मुलाणी पौडचा. खलाशी म्हणजे दोर ओढणारा, पट्टी वाचणारा, केंद्र सांभाळणारा माणूस. बावीस वर्षं ओढ्यावर काढलेला आणि तोंडाचा फटकळ. त्याला या दोघांचं फार कौतुक.

"आमच्या नदीला पाऊस नसला तरी पाणी चढतं," कर्मानं सांगितलं. "ऊन पडलं की वरचं बर्फ वितळतं. दुपारनंतर पाणी वाढतं."

"आयला, उन्हानं पूर?" मुलाणी म्हणाला. "आन् ते बर्फाचे डोंगर चढत असाल की तुमी."

"नाही. तिथे देव राहतात. वर कोण जाणार?"

"ह्ये बराबर हाय. आमच्या देवराईतली काटकी सुदीक कुणी उचलत न्हाई."

आमच्या सह्याद्रीकडे बघून दोघे अदबीनं गप्प बसायचे. एकदा कर्माच्या तोंडून निघून गेलं, की इथे डोंगर कधी सुरू होतात? मुलाणी दिवसभर हसत होता. मिरच्यांच्या बाबतीतही त्यांनी आम्हाला गार केलं. आपण मिरची चवीला घालतो, ते मिरचीचीच भाजी करतात, वरून चीज घालून. आणि बोलण्याच्या शेवटी 'ला' लावायचं. आपल्या 'जी'सारखं ते, समोरच्याचा मान राखायला.

मान राखण्यात ते पक्के होते. अडचण ही, की मला त्यांची कुठलीच शंका ऐकू येईना.

"समझ में आया?"

"जी, ला."

"कोई डाउट?"

"नहीं, ला."

आणि रकाने कोरे. मला वाटलं, ह्याला गुणाकार येत नाही आणि कबूल करायची लाज वाटते. एका संध्याकाळी खोलीत बसवून मी त्याला दहा गणितं घातली. ठोके माझे, कोष्टक मी फळ्यावर लिहिलेलं. दहाच्या दहा बरोबर आली. म्हणजे येतं, पण करत नाही. माझं डोकं आणखी तापलं. येत नसणाऱ्याला शिकवता येतं, मुद्दाम न करणाऱ्याला काय शिकवणार? कर्मा मात्र माझ्या वहीतले आकडे बघून आपल्या वहीत उतरवायचा आणि माझ्याशी त्याचं उत्तर तंतोतंत जुळायचं. मी त्याच्यावर खूश.

दर शुक्रवारी मी जीप घेऊन पौडला जायचो. पोस्टातून पुण्याला आमचे कार्यकारी अभियंता बापट साहेब यांना फोन करायचो आणि आठवड्याचे कागद एसटीतून जाणाऱ्या ऑफिसच्या पिशवीत टाकायचो. तिसऱ्या शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "त्या दोघांचा मधला रिपोर्ट कुठाय?"

"लिहिलाय. एक उत्तम आहे. दुसऱ्याचं जमत नाही."

"जमत नाही तर परत पाठवू. त्यांचा दुसरा माणूस दिल्लीत थांबलाय, त्याला घेऊ. आजच पाठवा."

मी पाठवला. कर्मा, 'उत्तम'. फुंत्शो, 'आकडेमोडीत निरुत्साही, सूचना पाळत नाही, परत पाठवण्यास हरकत नाही'. पिशवी एसटीच्या टपावर गेली आणि मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी मुलाणीनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. जुम्म्याची नमाज उरकून तो आला, आणि शरीफाभाभींनी ताटं मांडली. तांदळाच्या भाकरी, कोंबडीचा रस्सा, वाटीत ठेचा. पहिलं वाढून झालं. भाभी फुंत्शोजवळ दुसरी भाकरी घेऊन आल्या, तसा त्यानं तोंडावर हात धरला आणि "मेशू, मेशू" असं काहीतरी पुटपुटत मान हलवली.

"राहू द्या भाभी," मी म्हणालो. "नको असेल त्याला. हे दोघं कमीच खातात. माझ्याकडे तर चहासुद्धा घेत नाहीत."

भाभींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "घ्या की भाऊ," त्या फुंत्शोला म्हणाल्या. त्यानं पुन्हा तोंड झाकलं. "आवं घ्या! लाजताय कशापाय? तुमचंच घर हाय." आणि भाकरी ताटात टाकली. फुंत्शोनं ती दोन्ही हातांनी सावरून घेतली. त्यानंतर आणखी दोन खाल्ल्या. कर्मानंही तेवढ्याच.

कर्मा हसून म्हणाला, "सर, हमारे यहाँ पहली बार में 'हाँ' नहीं बोलते. दो बार मना करते हैं. तीसरी बार पूछा, मतलब आदमी दिल से दे रहा है."

"मग माझ्याकडचा चहा?"

"आप एक ही बार पूछते हैं, सर."

पंधरा दिवस पावसात भिजून आलेली ही दोन माणसं माझ्या किटलीकडे बघत बसली होती, आणि मी एकटा चहा पीत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाभी आतून म्हणाल्या, "पाव्हन्याला येकदा इचारून भागतं व्हय? आमच्याकडं बी आग्रेव केल्याबिगर कोन जेवतंय?"

मुलाणीनं हात धुता धुता त्यात भर घातली. "सायेब, राग मानू नका. तुमी येकदाच इचारता, आन् त्ये बी वरडून. मी हाय म्हनून उलटून बोलतो. ही मानसं कशी बोलतील?"

परत येताना जीपमध्ये एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ज्याचं पहिलं 'नको' खरं नसतं, त्याचं पहिलं 'डाउट नाही' तरी खरं कशावरून?

केंद्रावर पोचलो. पाऊस थांबला होता. मी आधी चहा केला आणि तीनदा विचारून दोघांना पाजला. मग कर्माला मुलाणीबरोबर पट्टी वाचायला धाडलं आणि फुंत्शोजवळ बसलो. उभं राहून नाही, बाकावर, शेजारी.

"फुंत्शो, काही शंका आहे?"

"नहीं, ला."

मी आवाज शक्य तेवढा खाली आणला. मला ते जड गेलं. "हे रकाने का कोरे राहतात, ते मला जाणून घ्यायचंय. मी रागावणार नाही. काही शंका आहे?"

तो ओढ्याकडे बघत राहिला. "नहीं, ला. सब ठीक है."

मग म्हणालो, "माझं काही चुकतंय का?"

तो उठला, मीटरचा लाकडी डबा घेऊन आला आणि माझ्यासमोर उघडून ठेवला. त्यानं मीटर उचलला, उलटा केला आणि शेपटीवर कोरलेला नंबर माझ्यापुढे धरला. मग दोन्ही हातांनी डब्याचं झाकण माझ्याकडे फिरवलं. झाकणाच्या आत त्या मीटरचं कोष्टक चिकटवलेलं असतं आणि कोष्टकावर मीटरचा नंबर असतो.

दोन नंबर वेगळे होते.

आमच्याकडे दोन मीटर होते, दिसायला जुळी भावंडं. एक जुना, आणि दुसऱ्याचं चाक दुरुस्तीत बदललेलं, म्हणून त्याचं कोष्टक निराळं. मेअखेरीला मी दोन्ही मीटर उन्हात ठेवून पुसले होते आणि डब्यांत भरले होते. मी, माझ्या हातांनी. मुलाणीला मी त्या डब्यांना हात लावू देत नसे, कारण माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. ह्याचा मीटर त्याच्या डब्यात गेला होता. जूनपासून मी एका यंत्राचे ठोके मोजत होतो आणि दुसऱ्याचं कोष्टक वापरत होतो. पाणी रुपयाला दोन आणे जास्त दिसत होतं, आणि यंदा पाऊस बरा आहे अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"कधी कळलं तुला?"

"पहले दिन, ला." स्टोअरमधली सवय. हातात वस्तू आली की तो आधी नंबर बघायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलंही होतं, की मीटरचा नंबर वहीत लिहू का? मी म्हणालो होतो, जेवढं सांगतो तेवढंच लिही. मला ते आठवत होतं. न आठवतं तर बरं झालं असतं.

"मग बोलला का नाहीस?"

"गुरु को सबके सामने कैसे बोलूँ? और गलत लिखूँ तो पानी का झूठ हो जाता है." म्हणून त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. गुरूचा अपमान नको आणि पाण्याबद्दल खोटं नको, यात त्याला जागा सापडली होती ती कोऱ्या रकान्याची. आणि त्याबद्दल तीन आठवडे तो माझी बोलणी खात होता.

मी त्याला रिपोर्टाचं सांगून टाकलं. तो परत जाण्याच्या यादीत आहे, हेही. त्यानं मीटर डब्यात ठेवून झाकण लावलं. मग म्हणाला, "सर, साहब को बोलिए, डब्बा फुंत्शो ने बदला. मैं तो जा ही रहा हूँ, ला."

मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं पुणं गाठलं. बापट साहेब टेबलावरच होते.

"म्हणजे जूनपासूनचे आकडे चूक?"

"ठोके बरोबर आहेत, कोष्टक चूक. वह्यांवरून सगळं पुन्हा काढता येईल. आठवडा लागेल."

"कुणी केलं?"

"मी."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, तुमचं नाव प्रमोशनच्या यादीत आहे. खलाशानं डबे बदलले असतील. तसं लिहा, विषय संपला."

मला मोह झाला, हे कबूल करतो. सोपं होतं. मुलाणीला एक मेमो मिळाला असता, त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि आम्ही पुढे गेलो असतो. दोन दिवसांत हा दुसरा माणूस माझी चूक आयती उचलायला पुढे उभा होता. एकानं स्वतः उचलू म्हटलं होतं, दुसऱ्याला तर विचारलंही नव्हतं.

"खलाशाचा काही संबंध नाही, साहेब. फुंत्शोचं पत्र गेलं का?"

"टाइप झालंय. सही व्हायचीय."

"ते थांबवा. चूक त्यानंच पकडली."

"मग तुम्ही सगळं लिहून द्या. सही-तारखेनिशी."

मी लिहून दिलं. अक्षर वाकडं आलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, टाइप केलेलं पत्र फाडलं आणि म्हणाले, "गाढवपणा केलात." कुठला गाढवपणा, मीटरचा की लिहून देण्याचा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढचा आठवडा आम्ही चौघं खोलीत बसून जूनपासूनची सगळी मापनं पुन्हा काढत होतो. मुलाणी ठोके वाचून दाखवायचा, फुंत्शो आणि कर्मा गुणाकार करायचे, मी तपासायचो. आता फुंत्शो माझी चूक निघाली की पेन्सिलीनं वहीवर हलकीशी टिचकी मारायचा. त्याहून जास्त बोलणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. कर्माचा 'उत्तम' मी 'बरा' करून घेतला, कारण तो माझंच उतरवत होता. त्याला राग आला नाही. सहा आठवड्यांनी दोघे गेले. दिवाळीनंतर त्यांच्या खात्याचं पत्र आलं, की फुंत्शोला त्याच्या खोऱ्यातल्या नदीवर, साखळ्यांच्या पुलापाशी नेमलं आहे.

माझं नाव त्या वर्षीच्या प्रमोशनच्या यादीतून गेलं. पुढच्या खेपेला आलं. मुलाणीला हे सगळं कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझं नाव घातलं आसतं, तर तुमाला पाळन्यात बसवून मधीच दोर सोडला आसता."

पुढच्या पावसाळ्याआधी ऑफिसातून एक परिपत्रक निघालं. एका केंद्रावरील अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा ध्यानात घेता यापुढे मापनवहीच्या प्रत्येक पानावर मीटरचा नंबर लिहिणं सक्तीचं आहे, असं त्यात होतं. निष्काळजी अधिकारी कोण, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. चूक कुणी पकडली, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी निवृत्त झालो तोवर ते परिपत्रक पाळलं जात होतं, बहुधा अजूनही जात असेल. साहेबाची चूक साहेबाला हाताखालच्या माणसानं सांगायची कशी, याचं परिपत्रक मात्र माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत काही निघालं नाही.